काजळी आणि काच : डिझेल मोटारीतील वायूंच्या पुनरभिसरणाचे बिघाड



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी भोपाळसारख्या हिंदी मुलखात राहून मराठी मुलांना विज्ञान मराठीतून समजावून सांगितले. त्यामुळे साहित्याच्या एका निवृत्त प्राध्यापकाने आज मोटारीच्या इंजिनावर बोलावे, याचे त्यांना तरी नवल वाटले नसते. विषय माजी विद्यार्थ्यांनीच सुचविला आहे. त्यांच्यापैकी पुष्कळांकडे दहा-बारा वर्षे वापरलेली डिझेल मोटार आहे आणि त्या सर्वांची तक्रार थोड्याफार फरकाने एकच आहे. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, श्यामला हिल्सचा चढ चढताना गाडी दम टाकते, मागून काळा धूर निघतो, आणि गॅरेजमधले उस्ताद सांगतात, "साहब, ईजीआर गया है, बंद करवा लीजिए, गाड़ी मक्खन चलेगी." या एका वाक्यात खरे किती आहे आणि त्या सल्ल्याची किंमत कोण मोजतो, एवढाच माझा आजचा विषय आहे.

प्रथम नावाचा विचार करू. 'ईजीआर' ही तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत. मराठीत त्याला निष्कास-वायूंचे पुनरभिसरण म्हणता येईल. शब्द जड वाटला तरी 'रुधिराभिसरण' आपण शाळेतच शिकलो आहोत. तेच अभिसरण येथे धुराचे आहे. इंजिनाने जाळून बाहेर टाकलेल्या वायूंचा काही भाग एका नळीने परत वळवून पुन्हा त्याच इंजिनाच्या श्वासात मिसळायचा. सरळ घरगुती भाषेत सांगायचे तर इंजिनाला त्याचे स्वतःचेच उष्टे थोडे थोडे खायला घालायचे. आपल्या संस्काराला हे विपरीत वाटते आणि उस्तादांचा सल्ला लोकांना चटकन पटतो तो बहुधा यामुळेच. स्वच्छ हवा मिळत असताना धूर कशाला पाजायचा?

याचे उत्तर उष्णतेत आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. या हवेचा सुमारे चार पंचमांश भाग नत्रवायूचा, म्हणजे नायट्रोजनचा असतो. एरवी हा वायू मोठा आळशी आहे, सहसा कशाशी संयोग पावत नाही. परंतु ज्योतीचे तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेले, की तोही प्राणवायूशी जुळू लागतो आणि तापमान जसजसे वाढेल तसतसा हा संयोग झपाट्याने वाढतो. त्याची रासायनिक वाट याकोव्ह झेल्दोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात उलगडून दाखविली. या संयोगातून जे नत्राचे प्राणिदे तयार होतात, तेच नायट्रोजन ऑक्साइड. ते श्वासनलिकेचा दाह करतात, दम्याच्या रुग्णाला छळतात आणि उन्हाच्या साहाय्याने जमिनीलगत ओझोन निर्माण करतात. डोळ्यांना मात्र ते धुराच्या लोटासारखे दिसत नाहीत. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे ती फार महत्त्वाची ठरणार आहे.

तेव्हा ज्योत थोडी मंद करणे हा उपाय झाला. जळून गेलेल्या वायूत कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ असते. हे वायू पुन्हा जळत नाहीत, परंतु उष्णता मात्र शोषून घेतात. त्यांनी जागा व्यापली म्हणजे प्राणवायूचे प्रमाणही तेवढे घटते. परिणामी ज्वलनाचा भडका खाली येतो आणि नत्राचे प्राणिदे कमी बनतात. बहुतेक नव्या इंजिनांत हे परतीचे वायू आधी एका कूलरमधून, म्हणजे इंजिनाच्याच कूलंटने थंड होणाऱ्या छोट्या नळकांड्यातून नेले जातात. किती वायू सोडायचा हे एक झडप ठरविते, आणि त्या झडपेला आज्ञा देतो तो मोटारीचा संगणक. गाडी एकसारख्या वेगाने, हलक्या भाराने चालत असता झडप उघडी असते. चालकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती मिटते, कारण त्या क्षणी इंजिनाला सगळी हवा हवी असते.

आता या सोयीची किंमत. ज्यांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला आहे त्यांना हे सांगावे लागू नये. वात प्रमाणाबाहेर वर केली, तेलाला पुरेशी हवा मिळाली नाही, की काच काळवंडते. इंजिनातही प्राणवायू कमी केला की काजळी वाढते. नत्राचे प्राणिदे कमी करावेत तर काजळी वाढते, काजळी कमी करावी तर प्राणिदे वाढतात. डिझेल इंजिनाच्या रचनाकाराची ही कायमची इकडे आड तिकडे विहीर आहे. त्यातच इंजिनाच्या पोटातून येणारी तेलाची वाफ श्वासाच्या नळीत मिसळते. कोरडी काजळी उडून जाऊ शकते, पण तेलाने भिजलेली काजळी झडपेच्या बैठकीवर आणि हवेच्या वाटेत डांबरासारखी चिकटते. थरावर थर चढतात. काही वर्षांनी बोटभर रुंदीची वाट काडीएवढी उरते.

आपल्या देशात ही यंत्रणा घरोघरच्या मोटारीत पोहोचली ती सरकारी मानकांमुळे. डिझेल मोटारीने दर किलोमीटरला किती नायट्रोजन ऑक्साइड सोडावा याची मर्यादा भारत स्टेज ३ मध्ये ०.५० ग्रॅम होती. भारत स्टेज ४ मध्ये ती ०.२५ झाली आणि भारत स्टेज ६ मध्ये ०.०८ वर आली. २०१० साली चौथी पायरी प्रथम १३ शहरी भागांत लागू झाली. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते, भोपाळ नव्हते. सबंध देशात ती १ एप्रिल २०१७ पासून आली आणि पाचवी पायरी गाळून सहावी १ एप्रिल २०२० पासून. इंधनातील गंधकाचे प्रमाणही त्याबरोबर दशलक्ष भागांत ३५० वरून ५० आणि मग १० पर्यंत उतरले. सहाव्या पायरीच्या मोटारींत काजळी अडविणारी गाळणी आणि इतर उपकरणेही असतात. मी आज मुख्यतः बोलतो आहे ते तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या मोटारींविषयी, कारण पत्रे त्यांच्याच मालकांची आली आहेत.

बिघाड मुख्यतः तीन प्रकारचे. झडप उघडीच अडकली, मग ती काजळीची एखादी खपली बैठकीत सापडल्याने का होईना, तर धूर नको त्या वेळीही आत शिरतो. गाडी उभी असता इंजिन थरथरते, कधी बंद पडते, चढावर जोर राहत नाही, मागून काळा धूर निघतो आणि डिझेल जास्त लागते. झडप मिटलेलीच राहिली तर गंमत अशी की चालकाला बहुधा काहीच कळत नाही. पिवळा दिवा लागला तर लागला, गाडी उलट हलकी वाटते. बिघाड आहे, पण तो सोसावा लागतो तो रस्त्यावरच्या इतरांना. तिसरा प्रकार कूलर गळण्याचा. कूलंट हळूहळू कमी होते, बाहेर कोठे थेंब दिसत नाही, सकाळी गाडी सुरू करताना पांढरी, किंचित गोडसर वासाची वाफ येते. या तिसऱ्या प्रकाराला हलके लेखू नये. दक्षिण कोरियात २०१८ साली बीएमडब्ल्यू कंपनीच्या डिझेल मोटारींना आगी लागण्याचे प्रकार एकामागून एक घडले, आणि एक लाखाहून अधिक मोटारी परत बोलवाव्या लागल्या. कंपनीने कारण दिले ते याच कूलरच्या गळतीचे. गळलेले कूलंट काजळीत मुरून साठले आणि तापलेल्या वायूंनी ते पेटले.

दिवा लागला की गॅरेजमध्ये स्कॅनर जोडतात आणि पडद्यावर एक आकडा उमटतो. 'पी ०४०१' म्हणजे परतीचा वायू अपुरा, 'पी ०४०२' म्हणजे तो अधिक, 'पी ०४०३' म्हणजे झडपेच्या विजेच्या जोडणीत दोष. आकडा दिसला की झडप बदलायची, असा बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. आकडा हा फिर्यादीचा जबाब आहे, न्यायाधीशाचा निकाल नव्हे.

असे का म्हणतो ते सांगतो. परतीचा वायू किती आला हे पुष्कळ मोटारींत प्रत्यक्ष मोजलेच जात नाही. एअर फिल्टरनंतर एक सेन्सर असतो, तो आत येणाऱ्या ताज्या हवेचे वजन मोजतो. झडप उघडली की धुराने जागा अडते आणि ताजी हवा तेवढी कमी येते. ती किती घटली यावरून संगणक धुराचे प्रमाण अनुमानाने काढतो. आता समजा, टर्बोच्या पुढची रबरी नळी तडकली आहे. सेन्सरपाशी हवा पूर्ण मोजली गेली, पण तिच्यातील काही वाटेतच निसटली. संगणकाला वाटते, हवा फार आली, म्हणजे धूर कमी पडला. तो झडप आणखी उघडतो. आधीच हवेला मुकलेल्या इंजिनात अधिक धूर शिरतो, काजळी दुणावते आणि झडप बुजते. आकडा झडपेच्या नावाने उमटला, अपराधी मात्र तडकलेली नळी. नवी झडप बसविली तर काही महिने बरे जातील आणि पुन्हा तेच.

म्हणून तपासाचा क्रम महत्त्वाचा. आधी इंजिन थंड असताना कूलंटची पातळी पाहावी आणि खूण करून आठवडाभराने पुन्हा पाहावी. मग एअर फिल्टर. मग टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या नळ्या. जोडाजवळ तेलकट काळा डाग असेल किंवा वेग घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल तर संशय बळावतो. जुन्या मोटारींत झडप विजेने नव्हे, निर्वाताने उघडते; तिची बारीक रबरी नळी आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात आणि इंजिनाच्या धगीत कडक होऊन चिरते. हातभर नळी बदलून सुटणारा प्रश्न झडपेच्या किमतीला सोडविलेला मी पाहिला आहे. अशा झडपेला हातपंपाने निर्वात देऊन बघता येते. इंजिन मंद चालू असता झडप उघडली की ते अडखळले पाहिजे. अडखळले नाही तर एकतर पडदा फाटला आहे किंवा वाट बुजली आहे. पडदा शाबूत असेल तर पंपाचा काटा जागच्या जागी थांबतो.

विजेच्या झडपेसाठी स्कॅनरचाच उपयोग करावा, पण आकडा वाचून थांबू नये. संगणकाने झडप किती उघडावयास सांगितली आणि ती किती उघडली, हे दोन्ही पडद्यावर दिसते. दोहोंत तफावत असेल तर झडप अडकली आहे. दोन्ही जुळतात, झडप हलते, तरी ताज्या हवेचे वजन घटत नाही, तर झडप निर्दोष असून पुढची वाट किंवा कूलर तुंबला आहे. उलट झडप पूर्ण मिटलेली दाखविते आणि हवा तरीही कमीच येते, तेव्हा झडप नीट बसत नसावी किंवा हवेचा सेन्सर मळला असावा. एवढी तपासणी पाऊण तासात होते. ती करून देणारा कारागीर मिळाला तर त्याला मजुरी देताना घासाघीस करू नये.

झडप खरोखरच मळली असेल तर ती काढून साफ करता येते. इंजिन थंड हवे, बॅटरीचे ऋण टोक सुटे हवे, नाकावर फडके आणि हातांत मोजे हवेत. ही काजळी काही विभूती नव्हे. फवारा मारण्याचे द्रावण ज्वालाग्राही असते, तेव्हा जवळ विडी-काडी नको. विजेची मोटर असलेला भाग द्रावणात बुडवू नये आणि अडकलेला दांडा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये. त्याचे नाजूक दाते तुटतात आणि मग नवी झडप आणण्यावाचून गत्यंतर राहत नाही. बसविताना गॅस्केट नवेच घालावे. पुष्कळ मोटारींत यानंतर स्कॅनरने झडपेची मिटलेली जागा संगणकाला नव्याने शिकवावी लागते. ही शेवटची पायरी गाळली, की चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो आणि गिऱ्हाईक म्हणते, साफ करून काही उपयोग नाही.

पण मी कंदिलाचा दाखला दिला तो एवढ्याचसाठी नाही. काच पुसली आणि वात तशीच वर ठेवली, तर काच पुन्हा काळी होणार. येथे वात म्हणजे इंधन नीट न फवारणारा इंजेक्टर, टर्बोच्या सीलमधून झिरपणारे तेल, वेळेवर न बदललेले इंजिन ऑइल आणि तुंबलेला फिल्टर. आणि आपल्या भोपाळात त्याहूनही अधिक, गाडी वापरण्याची रीत. अरेरा कॉलनीतून न्यू मार्केट, तेथून देवळात, देवळातून घरी. प्रत्येक खेप चार-पाच किलोमीटरची. डिझेल इंजिन पुरते तापण्याआधीच ते बंद होते, वाफ आणि तेल काजळीशी कालवले जाते आणि थर चढतो. ज्याची रोजची धाव एवढीच आहे, त्याने डिझेल मोटार घेण्याचे मुळात कारण नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे. घेतलीच आहे, तर पंधरवड्यातून एकदा भोजपूरला किंवा भीमबेटकेला जाऊन यावे. इंजिनाला तासभर पुरते तापू द्यावे. मोटारीचे भले होईल आणि नातवंडांना दोन जुन्या जागा दाखविल्याचे समाधान लाभेल. जमलेला जाड थर याने निघत नाही हे खरे, नवा थर चढण्याचा वेग मात्र मंदावतो.

आता उस्तादांच्या सल्ल्याकडे येतो. 'बंद करणे' म्हणजे परतीच्या वाटेत पत्र्याची एक चकती घालणे, आणि नव्या मोटारीत संगणकाची आज्ञावलीही बदलणे, म्हणजे दिवा लागत नाही. याने गाडी हलकी चालते, हे खोटे नाही. काळा धूर कमी होतो, हेही खोटे नाही. आणि म्हणूनच ही युक्ती फसवी आहे. आपल्याकडे डिझेल मोटारीला प्रदूषणाचे प्रमाणपत्र देताना धुराची अपारदर्शकता, म्हणजे काळेपणा तेवढा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड त्या तपासणीत मोजलाच जात नाही. त्यामुळे ज्या मोटारीची झडप कायमची बुजविली आहे, ती जास्त विषारी वायू सोडूनही प्रमाणपत्राच्या परीक्षेत अधिक गुण मिळविते! परीक्षक या नात्याने मी आयुष्यात पुष्कळ प्रकारच्या प्रश्नपत्रिका पाहिल्या. नापास व्हावयाच्या विद्यार्थ्याला पहिला वर्ग देणारी अशी मात्र विरळाच.

गल्लीतला कारागीर पत्र्याच्या चकतीने करतो, तेच मोठ्या कारखान्याने आज्ञावलीने केल्याचे उदाहरण जगाने पाहिले. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीवर ठपका ठेवला. युरोपात विकल्या गेलेल्या तिच्या 'ईए १८९' जातीच्या इंजिनांत संगणक चाचणीची खूण ओळखून परतीच्या वायूचे प्रमाण वाढवी आणि रस्त्यावर आल्यावर ते कमी करी. म्हणजे प्रयोगशाळेत झडप उघडी, रस्त्यावर बरीचशी मिटलेली. ही इंजिने भारतातही आली होती. पुण्याच्या 'एआरएआय' या, १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेने येथील मोटारींची तपासणी केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ३ लाख २३ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलविण्याचे कंपनीने जाहीर केले. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, ज्याचे मध्य विभागाचे पीठ आपल्याच शहरात आहे, मार्च २०१९ मध्ये दिल्लीच्या मुख्य पीठाकडून कंपनीला ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. न्यायालयीन बाजूत मी शिरत नाही. मला त्यातून एवढेच दाखवावयाचे आहे, की ज्या छोट्या झडपेला आपण 'कटकट' म्हणून बुजवितो, तिच्या उघडझापीवर केवढा वाद उभा राहिला.

आणि आपण हे बोलतो आहोत ते भोपाळात. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री या शहरावर जो विषारी वायू पसरला, त्याची तुलना मोटारीच्या धुराशी करणे अप्रस्तुत होईल. मी ती करीत नाही. परंतु त्या रात्री ज्यांची फुप्फुसे कायमची अधू झाली, ती माणसे आजही हमीदिया रोडवर, जुन्या शहराच्या गल्ल्यांत आपल्या मोटारीमागून चालत असतात. ज्या हवेत निरोगी माणसाला केवळ ठसका लागेल, त्याच हवेत त्यांना धाप लागते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रमाच्या यादीत मानके न पाळू शकलेले शहर म्हणून भोपाळचे नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर २०१२ साली कर्करोगकारक म्हणून निश्चित केला. कायद्याचे म्हणाल, तर प्रदूषणाच्या मर्यादांचा भंग करणारे वाहन चालविल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली, २०१९च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

शेवटी, जे जुनी मोटार विकत घेण्याच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी. मागच्या मालकाने वाट बुजविली आहे की नाही, हे विक्रेता सांगणार नाही आणि प्रमाणपत्रावरूनही कळणार नाही. सौदा करण्यापूर्वी आपला कारागीर बरोबर न्यावा. किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, पिवळा दिवा क्षणभर लागतो की नाही ते पाहावे; मुळीच लागत नसेल तर तो मुद्दाम मुका केलेला असण्याचा संभव आहे. इंजिन तापल्यावर स्कॅनरने झडप उघडून ताज्या हवेचे वजन घटते का तपासावे. ते घटत नसेल तर झडपेजवळच्या जोडाचे बोल्ट सैल करावेत. चकती घातलेली असेल तर दोन गॅस्केटांच्या मध्ये पत्र्याची कड दिसते. ती काढावी, वाट साफ करून नवे गॅस्केट बसवावे, आज्ञावली बदललेली असल्यास कंपनीच्या अधिकृत केंद्रातून मूळची घालून घ्यावी, आणि या सगळ्याचा खर्च मोटारीच्या किमतीतून वजा करून मगच सौदा पक्का करावा.